कोयता, उचल आणि टन : मालकाचा फायदा कशात, मजुराचा कशात?

उत्पादनाचे घटक चार. भूमीला खंड, श्रमाला वेतन, भांडवलाला व्याज आणि संयोजकाला नफा. एवढं पाठ केलं की परीक्षेत गुण मिळतात. पण वेतन कशावर मोजायचं, दिवसावर की मालावर, आधी द्यायचं की नंतर, कोणाच्या हातून द्यायचं, हे पुस्तकात एखाद्या ओळीत उरकलेलं असतं. खरा धडा तिथूनच सुरू होतो.

साधं शेतावरचं उदाहरण घ्या. कांद्याची खुरपणी रोजानं दिली की मालकाला बांधावर उभं राहावं लागतं. तो हलला की बायका जरा पाठ सरळ करतात, तंबाखू मळतात, गप्पांत रमतात. त्यात वावगं काय? रोज तर ठरलेलाच आहे. तीच खुरपणी उक्ती दिली की बांधावर कोणी नको. काम झपाट्यानं उरकतं, पण चार दिवसांनी तण पुन्हा डोकं वर काढतं, कारण मुळासकट उपटायला वेळ लागतो आणि वरचं वर खुरपायला लागत नाही. बायका त्याच, शेत तेच. बदलला तो फक्त पैसा मोजायचा हिशोब. अर्थशास्त्रात याला प्रोत्साहन म्हणतात. हे प्रोत्साहन शाबासकीचं नव्हे. माणसाला कोणत्या वागण्यात फायदा दिसतो, एवढाच त्याचा अर्थ. मालकाचा फायदा एकीकडे आणि मजुराचा दुसरीकडे असला की दोघंही आपापल्या परीनं शहाणे राहून एकमेकांचं नुकसान करतात.

आज ही गोष्ट ऊसतोडीच्या कामावरून समजून घेऊ. तुमच्यापैकी काहींच्या घरात हे काम असेल, काहींच्या शेतात. माझं मत आधीच सांगून टाकतो : ऊसतोडीत मजूर, मुकादम, वाहतूकदार, शेतकरी आणि कारखाना या पाचांपैकी एकाचाही फायदा दुसऱ्याच्या फायद्याशी जुळत नाही. प्रत्येक जण आपला धोका खालच्या पायरीवर ढकलतो. सगळ्यात खालच्या पायरीवर एक बाई आणि तिची पोरं उभी आहेत.

दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव, परभणी अशा जिल्ह्यांतून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. भाषेकडे जरा लक्ष द्या, इथे माणसं मोजली जात नाहीत, हत्यार मोजलं जातं. हंगामाच्या आधीच, पावसाळ्यात घरात पैसा नसतो तेव्हा, मुकादम उचल देतो. ती रक्कम कारखान्याकडून वाहतूकदाराकडे, वाहतूकदाराकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून कोयत्याकडे अशी खाली येते. अलीकडे एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात किंवा त्याहून वर असते. ती पुढे टनावर कामातून फेडायची.

आता वही काढा आणि हिशोब करा. टनाला मजुरी ३६० रुपये धरा. (२०२४ च्या जानेवारीत मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली, त्यानंतर दर साधारण या आसपास आला.) उचल एक लाख धरा. फेडायला २७८ टन ऊस तोडावा लागेल. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं मानलं तर १३९ दिवस. त्यात आजारपण नाही, पाऊस नाही, गाडी बिघडलेली नाही, वाळलेला किंवा आडवा पडलेला ऊस नाही. शिवाय आठवड्याच्या बाजाराला मुकादम जी खर्ची देतो, तीही नावावर चढते. आणि हंगाम किती दिवस चालतो? २०२४-२५ मध्ये राज्यातल्या बऱ्याच कारखान्यांचा हंगाम शंभर दिवसही चालला नाही. मग उरलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या खात्यावर. पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं आलं, कारण बाकी त्याचीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, सर, आगाऊ पैसे मिळतात हे तर चांगलंच. बरोबर आहे. श्रावणात घरात दाणा नसताना लाखभर रुपये हातात पडतात, लेकीचं लग्न निभावतं, दवाखान्याचं बिल भागतं. दुसरं कोणी एवढं कर्ज कागदाशिवाय देत नाही, बँक तर नाहीच. म्हणून लोक घेतात, फसून घेत नाहीत. पण मजुरी आधी आणि काम नंतर असं झालं की दोन्ही बाजूंची चाल बदलते. मजुराच्या दृष्टीनं पैसा खर्च होऊन गेलेला असतो, उरतं ते फक्त कष्ट. मालकाच्या दृष्टीनं पैसा अडकलेला असतो आणि तो वसूल होईपर्यंत त्याला मजूर नजरेआड होऊ द्यायचा नसतो. कधी मजूर पळून जातो, कधी मुकादम दोन-दोन वाहतूकदारांकडून उचल घेऊन गायब होतो. वाहतूकदार बुडाल्याच्या पोलीस तक्रारी दरवर्षी होतात आणि त्यातल्या सगळ्या खोट्या नसतात. दुसऱ्या टोकाला बाकी राहिली म्हणून मजुराला डांबून ठेवणं, त्याची बैलं ओढून नेणं, असले प्रकार. कर्जाच्या बदल्यात माणसाचं श्रम अडकवून ठेवायला १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं बंदी आहे. कायदा मोडतो हे सगळ्यांना माहीत असतं. तरी मोडतो, कारण वसुलीचा दुसरा रस्ताच या व्यवहारात ठेवलेला नाही.

आता टनाकडे वळू. टनावर मजुरी म्हणजे वजन जास्त तर पैसा जास्त. कारखान्याला मात्र वजन नको असतं, त्याला साखर हवी असते. उसाच्या बुडख्यात साखर जास्त, शेंड्यात कमी. म्हणून ऊस जमिनीलगत तोडला पाहिजे. तसा तोडायचा तर प्रत्येक घावाला कमरेतून पूर्ण वाकावं लागतं. दिवसभरात असे हजारो घाव. चार बोटं वर तोडला तर कंबर वाचते आणि वजनात फारसा फरक पडत नाही. पण त्या चार बोटांत कारखान्याची साखर शेतात राहते आणि शेतकऱ्याचा खोडवाही नीट फुटत नाही. मोळीत पाचट राहिलं तर मजुराचं वजन वाढतं आणि कारखान्याचं नुकसान होतं, म्हणून कारखाना वजनात पाचटाची कपात लावतो. उसाला पेटवून दिलं की पाला जळून तोड सोपी होते, दिवसाला टन वाढतात. म्हणून जळीत उसालाही कपात. ती कपात बसते शेतकऱ्याला, आणि फड कोणी पेटवला यावरून तंटे होतात. एकानं पळवाट शोधायची, दुसऱ्यानं तिच्यावर कपात लावायची, आणि कपात तिसऱ्याच माणसाच्या खिशातून जायची. गमतीचा भाग म्हणजे, नीट, बुडापासून, स्वच्छ तोडलेल्या उसाला टनाला दहा रुपये जास्त, असं करायला फारसं कोणी तयार नसतं. दंडाचं खातं आहे, बक्षिसाचं नाही.

शेतकऱ्याचं बघा. २०२४-२५ साठी केंद्रानं उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये ठरवला होता. म्हणजे टनाला ३,४००. हा दर कारखान्याच्या दारातला. आपल्याकडे त्यातून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेलं शेतकऱ्याच्या हातात पडतं. म्हणजे मजुरी ठरवण्याच्या बैठकीत एका बाजूला कारखानदार आणि दुसऱ्या बाजूला कामगार संघटना बसतात, पण बिल जातं तिसऱ्याकडेच, जो बैठकीत नाही. कारखाना सहकारी असेल तर तो तिसरा कागदोपत्री मालकही असतो! मजुरी वाढली की 'आमच्यातून कापणार' म्हणून शेतकरी कुरकुरतो, आणि त्याची कुरकुर अगदीच चुकीची नाही. त्यातून गंमत अशी की, ऊस वाळू नये, रान रिकामं व्हावं म्हणून तोच शेतकरी टोळीला खुशाली आणि गाडीवाल्याला एंट्री मोजतो. कुठल्याही कागदावर न येणारा हा पैसा. खुशाली हे नाव ज्यानं ठेवलं त्याला सलाम, कारण देणारा क्वचितच खूश असतो. मजुराच्या बाजूनं बघितलं तर ठरलेल्या मजुरीतून उचल फिटते आणि रोख दिसते ती फक्त खुशालीत. मग जो शेतकरी जास्त देईल त्याच्या फडात टोळी आधी. लहान शेतकऱ्याचा ऊस तुरा येईपर्यंत उभा.

आता सगळ्यात खालची पायरी.

काम टनावर आहे, म्हणजे एखादा दिवस गेला नाही तर त्या दिवसाचे टन बुडाले, एवढंच नुकसान व्हायला हवं. प्रत्यक्षात कामावर न आल्यास खाडा लागतो. पाचशे रुपये दंड ही नेहमी ऐकू येणारी रक्कम. म्हणजे मजुरी टनावर आणि दंड मात्र दिवसावर. मालकाला जे मोजमाप सोयीचं, ते त्या त्या ठिकाणी लावलेलं. गाडी भरायला ठरावीक हात लागतात, एक कमी पडला की सगळी टोळी रखडते, असं मुकादम सांगतो, आणि त्यात तथ्य आहे. पण आजारी पडण्याचा धोका कोणी सोसायचा, हा प्रश्न त्यानं सुटत नाही, फक्त आजाऱ्याच्या गळ्यात पडतो. पाळीच्या दिवसांत, बाळंतपणानंतर, अंगावर ताप असताना बाई कोयता का सोडत नाही, याचं उत्तर या पाचशे रुपयांत आहे. फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही, कोपीला दार नाही. त्यातून अंगावरची दुखणी वाढतात आणि मग गर्भाशयच काढून टाकलं की कटकट मिटेल, असा सल्ला मिळतो.

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली यासाठी समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यातली प्रत्येक शस्त्रक्रिया खाड्याच्या भीतीनंच झाली असं मी म्हणणार नाही. काहींना खरोखर गरज असेल, लहान वयात लग्न आणि बाळंतपणं झाल्याचाही त्यात भाग आहे. आणि डॉक्टरचंही प्रोत्साहन विसरू नका : गोळ्या देऊन पाठवलं तर शे-दोनशे रुपये, शस्त्रक्रिया केली तर हजारो. पण मजुरीची रचना अशी की पोटातला अवयव अडचण वाटावा, हे एकदा वहीत लिहून ठेवा. बाजार आपोआप सगळ्यांचं हित साधतो असं कोणी सांगितलं की ते पान उघडा.

अर्धा कोयता ही गोष्ट वर येऊन गेली. जोडीला पूर्ण उचल, एकट्याला अर्धी. घरात वयात आलेला मुलगा असेल तर त्याचं लग्न झालं की घराची उचल वाढते. घरात मुलगी असेल तर तिला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचं हा घोर. दोन्हीकडून हिशोब एकाच जागी येऊन थांबतो : लवकर लग्न. शाळेत आम्ही बालविवाहाविरुद्ध शपथ घेतो, भित्तिपत्रकं लावतो, ते सगळं करावंच. पण भिंतीवरच्या वाक्यापुढे वाढीव उचल उभी असते, हे शिक्षकानं तरी माहीत करून घ्यावं. नववीतली हुशार मुलगी दिवाळीनंतर येत नाही तेव्हा तिच्या आईबापांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, असं आपण पटकन बोलून मोकळे होतो. त्यांना ते चांगलं कळतं. हंगामी वसतिगृहं आहेत, २०२१ पासून संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आहे. मात्र वसतिगृह सुरू व्हायची तारीख आणि गाड्या निघायची तारीख जुळत नाही, तोवर आई पोरांना गाडीत घालूनच निघणार. आणि फडात मोठ्या मुलीचा उपयोग असतो : धाकट्याला सांभाळायचं, पाणी आणायचं, भाकरी टाकायच्या. आईला तेवढा वेळ तोडीला मिळतो, म्हणजे टन वाढतात. त्या मुलीची मजुरी कुठेच लिहिली जात नाही.

मग या सगळ्यात मालक कोण? हा प्रश्न मी वर्गात विचारतो तेव्हा मुलं मुकादमाचं नाव घेतात. मुकादमाला मजुरीवर सुमारे वीस टक्के कमिशन मिळतं. पण तोही बहुतेकदा त्याच गावचा, काही वर्षांपूर्वी स्वतः कोयता धरलेला. उचल बुडाली तर त्याचं घर जातं. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माझा मुकादमाशी. मुकादमाचा करार तोंडी. अशी साखळी तयार करण्यातच वरच्याचा फायदा आहे. ज्याला साखर मिळते त्याला मजूर आजारी पडल्याचा, बाळंत झाल्याचा, साप चावल्याचा, गाडी उलटून मेल्याचा खर्च येत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं एक चांगलं तत्त्व मांडलं होतं : कंत्राटदारानं मजुरी दिली नाही तर मूळ मालकानं द्यायची. ऊसतोडीत मूळ मालक शोधायला गेलं की प्रत्येक जण बोट पुढच्याकडे दाखवतो.

काही जण म्हणतात, यंत्र आलं की प्रश्न सुटेल. हार्वेस्टर येतायत, येऊ द्यात. पण लहान तुकड्यात, ओल्या रानात, अरुंद सरीत यंत्र चालत नाही. आणि ज्या कोयत्याचं काम जाईल त्याची श्रावणातली उचल कोण देणार, हे यंत्र सांगत नाही. दुसरे म्हणतात, मजुरी वाढवा. वाढवावीच. पण नुसता दर वाढला आणि बाकी रचना तशीच राहिली तर उचल वाढते, तिच्याबरोबर बाकीही वाढते. मागच्या काही वर्षांत तेच झालं.

मला उत्तर आपल्याच राज्यात दिसतं. मुंबईच्या बाजारपेठांत पाठीवर पोती वाहणाऱ्या माथाडी कामगारालाही एकच मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या वखारीत, मध्ये टोळीवाला. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना उभी केली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. त्यात मंडळं आली. कामगार मंडळाकडे नोंदलेला, मालकही मंडळाकडे नोंदलेला. मालकानं मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळानं कामगाराला द्यायची. भविष्य निधी, रजा, दवाखाना त्या लेव्हीतून. मालक आणि हमाल यांचं हित त्यानं एक झालं असं नाही, भांडणं आजही होतात, बोगस माथाड्यांच्या तक्रारीही आहेत. पण आजारी पडण्याचा खर्च एकट्या हमालाच्या अंगावर राहिला नाही. माल हलवणाऱ्या प्रत्येकानं त्यात थोडं थोडं भरलं.

ऊसतोडीसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे. कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनाला दहा रुपये द्यायचे आणि शासनानं तेवढेच घालायचे, अशी त्याच्या निधीची योजना आहे. पैशाची जागा झाली, चांगलं झालं. पण मजुरी अजून त्या वाटेनं जात नाही, आणि माथाडीचा जीव त्या वाटेतच होता. उचल मंडळानं द्यावी, खात्यात द्यावी, नवऱ्याची वेगळी आणि बायकोची वेगळी. तसं झालं तर बाई निदान कागदावर तरी अर्धा कोयता न राहता एक कामगार होईल. खाड्याची पद्धत पूर्ण बंद. शेवटची बाकी पुढच्या हंगामावर चढवायला मनाई. कारखानदार म्हणतील, मग उचल बुडवून पळणाऱ्याचं काय? आज ती जोखीम मुकादमावर आहे आणि तो ती मजुराच्या बैलांवर टाकतो. मंडळ असेल तर ती सगळ्या कारखान्यांत वाटली जाईल, शिवाय एकाच माणसानं दोन ठिकाणी उचल घेतली तर नोंदीत दिसेल. प्रामाणिक कारखान्याचाही यात फायदाच आहे. विरोध करेल तो ज्याचा व्यवहार अंधारात बरा चालतो.

एवढं मोठं काम व्हायला वेळ लागेल हे मान्य. तोवर एक छोटं काम याच हंगामात होऊ शकतं. आज बऱ्याच कारखान्यांत काट्यावर गाडीचं वजन झालं की शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज येतो. ज्यांनी तो ऊस तोडला त्यांना मात्र आपण किती टन तोडले हे मुकादमाच्या वहीतून कळतं, तेही पट्टा पडल्यावर, हिशोबाच्या दिवशी. तोच मेसेज टोळीतल्या प्रत्येक कोयत्याच्या दोन्ही नंबरांवर गेला पाहिजे : आजचं वजन, तुमच्या वाट्याचे टन, कपात किती आणि कशाची, उचलीतली बाकी किती. टायरगाडीचं वजन तर स्वतंत्रच होतं. ट्रकचं वजन टोळीतल्या कोयत्यांत वाटावं लागतं, तो साधा भागाकार. पुढच्या तासाला आपण तो वर्गात करू. ज्यांचे आईवडील तोडीला गेलेत त्यांनी शक्य असेल तर फोनवर विचारून या : या आठवड्यात किती टन झाले, आणि ते त्यांना कोणी सांगितलं.